एक वीत पाणी
(हवामानबदलावरील सार्वजनिक कार्यक्रम कसा बसवावा, ह्याचा एक अभ्यास)



गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आपल्या शाळेने 'हवामानबदल' ह्या विषयावर एक नाटिका सादर केली, ती तुमच्यापैकी पुष्कळांच्या स्मरणात असेल. रंगमंचावर कापूस पसरून बर्फ केला होता, थर्माकोल कापून हिमनग उभे केले होते, आणि पांढरा केसाळ वेष चढवलेले एक अस्वल हिमनगावर बसून आपले घर वितळत असल्याबद्दल शोक करीत होते. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, काही पालकांनी डोळे टिपले, अध्यक्षांनी आपल्या भाषणात नाटिकेचा गौरवाने उल्लेख केला. ती नाटिका आम्हीच लिहिली व बसवली होती. त्या रात्री आम्हांस मोठी धन्यता वाटली, हे येथे कबूल केले पाहिजे.

पडदा पडल्यावर आम्ही रंगपटात गेलो. अस्वलाची भूमिका करणारा नववीतील विद्यार्थी खोबरेल तेलाने तोंडावरचा पांढरा रंग पुसत बसला होता. आम्ही त्याची पाठ थोपटली. तो किंचित थांबला आणि म्हणाला, "सर, अस्वलाचे घर वितळते, ते मी सर्वांना सांगितले. पण आमच्या शेतात खारे पाणी शिरले, त्याचे नाटक आपण का नाही केले?"

त्याच पावसाळ्यात उधाणाच्या भरतीने खाजनाचा बांध एका ठिकाणी फुटला होता, आणि पोटरीला आलेले त्याच्या वडिलांचे भात खाऱ्या पाण्यात उभे राहिले होते. आम्हांस ही गोष्ट ठाऊक नव्हती असे नाही. ती आमच्या ध्यानी आली नाही, एवढेच. ज्या मुलाच्या घरची पेज खाऱ्या पाण्याने हिरावली, त्याच मुलाला आम्ही हजारो कोसांवरच्या प्राण्याचे दुःख पाठ करावयास लावले होते. आणखी लाजेची गोष्ट अशी की, संमेलनानंतर ते थर्माकोलचे हिमनग शाळेच्या मागे पडून राहिले, आणि पुढच्या पावसात त्यांचे तुकडे ओहोळातून खाजनाच्याच दिशेने वाहत जाताना आम्ही पाहिले.

त्या मुलाच्या प्रश्नास आम्ही त्या रात्री उत्तर देऊ शकलो नाही. पुढे अशा विषयावर जगात इतरांनी कोणकोणते सार्वजनिक कार्यक्रम केले, त्यांत काय साधले आणि काय साधले नाही, हे आम्ही वाचून काढले. त्या अभ्यासाचे सार ह्या लेखात तुमच्यापुढे ठेवीत आहोत.

विषय नीट समजणे ही पहिली पायरी

कार्यक्रम बसवणाऱ्यास विषयाचे शास्त्र ठाऊक असले पाहिजे. आमच्या नाटिकेत शास्त्राचाच एक दोष होता, तो आधी सांगतो. ध्रुवप्रदेशातील अस्वल ज्या बर्फावर शिकार करते तो समुद्रावर तरंगणारा असतो. तसा बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी जवळजवळ मुळीच वाढत नाही. पेल्यात बर्फाचा खडा टाकून पाणी काठोकाठ भरा आणि तो वितळू द्या. पाणी सांडणार नाही. तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूस सारीत असतो. ग्रीनलंड व दक्षिण ध्रुव येथील आणि पर्वतांवरील बर्फ मात्र जमिनीवर बसलेला आहे. तो समुद्रात उतरला म्हणजे समुद्रात नवी भर पडते. ह्याखेरीज तापलेले पाणी फुगते. त्यामुळेही पातळी चढते. समुद्र चढण्याची मुख्य कारणे ही दोन होत.

त्यांच्या मुळाशी असलेली गोष्ट तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलीच आहे. दगडी कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि पृथ्वीवरून बाहेर जाणारी उष्णता तो अडवून धरतो. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत ह्या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० हून अधिक आहेत. १८५० ते १९०० ह्या काळाशी तुलना करता २०११ ते २०२० ह्या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते. १९०१ ते २०१८ ह्या काळात जगाच्या सागरांची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली, आणि २००६ नंतर ती दरसाल सुमारे ३.७ मिलिमीटर ह्या वेगाने चढू लागली.

२० सेंटिमीटर म्हणजे किती? आपला पंजा ताणून पाहा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत जे अंतर भरते ते जवळजवळ तेवढेच. सव्वाशे वर्षांच्या आत समुद्र सरासरीने एक वीत चढला आहे. ही वीत वाचकांनी लक्षात ठेवावी. लेखाच्या शेवटी तिचे काम पडणार आहे.

पॅरिसमधील बर्फ : वस्तू समोर ठेवा, आणि हिशेबही

२०१५ च्या डिसेंबरात पॅरिस येथे जगातील राष्ट्रांची हवामानपरिषद भरली होती. त्याच वेळी ओलाफुर एलियासन हे कलावंत आणि मिनिक रोसिंग हे भूगर्भशास्त्रज्ञ ह्या दोघांनी त्या शहरातील पाँतेओं ह्या प्रसिद्ध वास्तूसमोरच्या चौकात बर्फाच्या बारा शिळा मांडल्या. ग्रीनलंडच्या हिमस्तरापासून तुटून नूक शहराजवळच्या खाडीत आधीच तरंगत असलेला तो बर्फ होता. त्याचे एकूण वजन सुमारे ८० टन होते. घड्याळाच्या तबकडीवरील आकड्यांप्रमाणे त्या शिळा वर्तुळात ठेवल्या होत्या. ह्याच दोघांनी हाच प्रयोग २०१४ साली कोपनहेगन येथे केला होता, आणि २०१८ साली लंडन येथे पुन्हा केला.

तेथे प्रवेशपत्रिका नव्हती आणि आसनव्यवस्थाही नव्हती. रस्त्याने जाणारी माणसे थांबत, बर्फाला हात लावीत, कान लावीत. बर्फात हजारो वर्षांपूर्वी कोंडलेली हवा मुक्त होताना होणारा बारीक कडकड आवाज त्यांना ऐकू येई. दिवसेंदिवस शिळा लहान होत गेल्या. जी गोष्ट परिषदेच्या सभागृहात आकड्यांनी सांगितली जात होती ती बाहेर तळहाताला कळत होती.

येथे एक शंका सहजच उद्भवते. बर्फ इतक्या दूर आणण्यासाठी जहाज व मालमोटारी चालवाव्या लागल्याच असतील. मग हा कार्यक्रम स्वतःच दोषास कारण झाला नाही काय? शंका रास्त आहे. पॅरिसच्या त्या कार्यक्रमामुळे सुमारे ३० टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन झाले, आणि त्याचा फार मोठा भाग वाहतुकीचा होता, असा हिशेब प्रसिद्ध करण्यात आला. तेवढी किंमत योग्य होती की नव्हती ह्याविषयी मतभेद होऊ शकेल. परंतु हिशेब मांडला म्हणून मतभेद तरी करता आला. आमच्या थर्माकोलचा हिशेब आम्ही कोणास दिला होता?

मालदीवचे मंत्रिमंडळ : ज्याचे दुःख त्याने बोलावे

दुसरे उदाहरण आपल्याच नैर्ऋत्येस असलेल्या सागरातील आहे. मालदीव हे द्वीपराष्ट्र इतके सखल आहे की तेथील चार-पंचमांशाहून अधिक भूमी समुद्रसपाटीपासून एक मीटरदेखील उंच नाही. तेथील तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद ह्यांनी १७ ऑक्टोबर २००९ रोजी आपल्या मंत्रिमंडळाची बैठक समुद्राच्या पाण्याखाली भरवली. गिरिफुशी बेटाजवळ सुमारे पाच मीटर खोलीवर मेजे मांडली होती. पाठीवर हवेच्या नळकांड्या बांधून मंत्री खाली उतरले, हातांच्या खुणांनी आणि पाट्यांवर लिहून बोलले, आणि जगाने कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन कमी करावे असे आवाहन करणाऱ्या पत्रकावर त्यांनी पाण्यातच सह्या केल्या.

ह्या कार्यक्रमाचे छायाचित्र जगभर छापले गेले. त्याचे कारण केवळ नवलाई हे नव्हते. जे लोक खरोखरच बुडण्याच्या धोक्यात होते तेच पाण्यात बसले होते. दुसऱ्या कोणी त्यांचे सोंग घेतले नव्हते. शिवाय त्यांची मागणी एका पत्रकात मावणारी आणि निश्चित होती.

मग यश किती आले? दोनच महिन्यांनी, डिसेंबर २००९ मध्ये, कोपनहेगन येथे परिषद झाली. तीत सर्व राष्ट्रांस बंधनकारक असा करार होऊ शकला नाही. तापमानवाढ १.५ अंशांपर्यंत रोखण्याचा प्रयत्न करावा, हे लहान बेटांचे अनेक वर्षांचे म्हणणे २०१५ च्या पॅरिस करारात शब्दांनी तरी आले. ते एका बैठकीमुळे आले असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही; शेकडो लोकांनी वर्षानुवर्षे केलेल्या कामाचे ते फळ होते. ह्यावरून कार्यक्रम बसवणाऱ्याने घ्यावयाचा धडा असा की, एका कार्यक्रमाने जग बदलेल अशी आशा मुलांना दाखवू नये, आणि एका कार्यक्रमाने जग बदलले नाही म्हणून तो वाया गेला असेही मानू नये.

लडाखचा बर्फस्तूप : कला कामाला जुंपावी

तिसरे उदाहरण आपल्याच देशातील आहे. लडाखमधील लेह येथे वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या गोव्यात तो सुमारे ३००० मिलिमीटर पडतो. तेथील शेती हिमनद्यांच्या पाण्यावर चालते. पण पेरणीच्या वेळी, एप्रिल-मे महिन्यांत, ते पाणी पुरेसे उतरत नाही, आणि हिमनद्या मागे हटू लागल्यापासून ही अडचण वाढली आहे. उलट हिवाळ्यात ओढ्यांचे पाणी कोणाच्याही उपयोगी न पडता वाहून जाते.

छेवांग नोर्फेल ह्या लडाखी अभियंत्यांनी १९८० च्या दशकातच हिवाळ्यातील पाणी उतारावर अडवून गोठवण्याची युक्ती काढली होती. सोनम वांगचुक व त्यांचे विद्यार्थी ह्यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात तिला नवा आकार दिला. उंचावरील ओढ्यातून नळाने पाणी खाली आणावयाचे आणि नळाचे तोंड उभे करावयाचे. पाणी आपल्याच दाबाने, पंपावाचून, वर उसळते. कडाक्याच्या थंडीत फवारा खाली पडता पडता गोठतो आणि हळूहळू बर्फाचा उंच शंकू तयार होतो. शंकूचा आकार घेण्यात भूमिती आहे. तेवढाच बर्फ जमिनीवर पसरला असता तर उन्हाला मोठे पृष्ठफळ मिळाले असते. शंकूत आकारमान मोठे व उन्हास उघडे पृष्ठफळ थोडे राहते, म्हणून तो वसंत ऋतूपर्यंत टिकतो आणि नेमका पेरणीच्या वेळी पाणी देतो.

ह्या शंकूला तेथील लोकांनी 'स्तूप' म्हटले. बौद्धांच्या त्या प्रदेशात स्तूप ही प्रत्येकाच्या ओळखीची व पूज्य आकृती आहे. अभियंत्याची टाकी दुरूस्त करावयास माणसे बोलवावी लागतात. स्तूप पाहावयास ती आपण होऊन येतात. सौंदर्य आणि उपयोग ह्यांची अशी सांगड पडली म्हणजे कार्यक्रम संपल्यावरही काम मागे उरते. आमचा कापसाचा बर्फ दुसऱ्या दिवशी झाडून टाकावा लागला; लडाखमधला बर्फ झाडांच्या मुळाशी गेला.

रंगांच्या पट्ट्या : थोड्या पैशांत खरा आकडा

चौथे उदाहरण शाळेला सर्वांत सोयीचे आहे. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स ह्यांनी २०१८ साली तापमानाची एक साधी चित्रपद्धती प्रसिद्ध केली. एका वर्षाला एक उभी पट्टी. ते वर्ष सरासरीहून थंड असेल तर निळी, उष्ण असेल तर तांबडी. जितका फरक अधिक तितका रंग गडद. जुनी वर्षे डावीकडे, अलीकडची उजवीकडे. चित्रावर आकडा नाही, अक्षर नाही. तरीही निळ्याकडून तांबड्याकडे गेलेला प्रवास निरक्षर माणसाच्याही ध्यानी येतो.

भारतीय हवामानशास्त्र विभागाजवळ संपूर्ण देशाच्या सरासरी तापमानाची १९०१ पासूनची नोंद आहे, आणि त्या नोंदीत २०२४ हे वर्ष सर्वांत उष्ण ठरले. १९०१ ते २०२४ ही १२४ वर्षे झाली. घरोघरच्या जुन्या वस्त्रांतून पाच सेंटिमीटर रुंदीच्या १२४ पट्ट्या कापून जोडल्या तर ६ मीटर २० सेंटिमीटर लांबीचे कापड होईल. पाचवारीहून लांब आणि नऊवारीहून तोकडे. गणिताच्या तासाला सरासरीपासूनचा फरक काढावा, चित्रकलेच्या तासाला रंगाची छटा ठरवावी, आणि शिवणाच्या तासाला पट्ट्या जोडाव्या. आपल्या आईच्या जन्मवर्षाची पट्टी कोणती आणि आपल्या जन्मवर्षाची कोणती, हे ज्या मुलाने स्वतः शोधले त्यास हवामानबदल निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

आपला कार्यक्रम कोठे व कसा असावा

आता आपल्या गावाकडे वळू. मांडवी व जुवारी ह्या नद्यांच्या आणि त्यांच्या खाड्यांच्या काठी आपल्या पूर्वजांनी मातीचे बांध घालून जी सखल जमीन लागवडीस आणली ती खाजन. गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर असल्याचे सांगतात. ह्या रचनेचे हृदय म्हणजे मानस. भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की मानशीच्या लाकडी झडपा आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. चंद्राच्या ओढीवर चालणारे, माणसाने बसवलेले हे यंत्र शेतकऱ्याला भात देते आणि ओहोटीच्या पाण्यात मासळीही देते. खारेपणा सोसणारे कोरगुट भात ह्याच जमिनीचे. असे असता खाजनावर राहणाऱ्या मुलांना आम्ही हिमप्रदेश शिकवण्यासाठी थर्माकोल विकत आणले!

येणारा कार्यक्रम खाजनाच्या बांधावर करावा, असे आमचे मत झाले आहे. त्याची रूपरेषा अशी.

स्थळ व वेळ. पाऊस नसलेल्या दिवसांत, पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते तेव्हा मानशीजवळ जमावे. भरतीची वेळ कोष्टकात आधी पाहून ठेवावी. बांध अरुंद असतो. म्हणून एका वेळी थोड्याच विद्यार्थ्यांनी, जाणत्या शेतकऱ्यांच्या व शिक्षकांच्या सोबतीने जावे. तेथे व्यासपीठ मावत नाही, आणि अध्यक्षांची खुर्चीही मावत नाही. ही सोयच समजावी.

वस्तू. पॅरिसच्या शिळांचे काम येथे एक बांबू करील. भरती पूर्ण चढली की पाण्याच्या रेषेवर बांबूस खूण करावी. तिच्याखाली एका वितीवर दुसरी खूण करावी. समुद्राच्या सरासरी वाढीचा विचार केला तर आपल्या पणजोबांच्या काळची भरती सुमारे तेथवर येत असली पाहिजे. मग वर मोजावे. उत्सर्जन फार झपाट्याने घटवले तरी ह्या शतकाच्या अखेरीस समुद्र २८ ते ५५ सेंटिमीटर, म्हणजे दीड ते पावणेतीन विती, चढण्याचा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे; उत्सर्जन फार वाढत राहिले तर ६३ ते १०१ सेंटिमीटर, म्हणजे तीन ते पाच विती. ह्या खुणा जगाच्या सरासरीच्या आहेत, प्रत्येक किनाऱ्यावर थोडाफार फरक पडतो, हेही स्पष्ट सांगावे. प्रत्येकाने आपली वीत बांबूवर ठेवून पाहावी. बांधाचा माथा त्यांतील कितव्या खुणेशी येतो हे पाहिल्यावर भाषणाची आवश्यकता उरणार नाही.

वक्ते. बांध घालणारे वृद्ध शेतकरी, मानस सांभाळणारे, मासळी विकणाऱ्या बायका ह्यांनी बोलावे. आणि ज्या भाषेत त्यांना बोलणे सोपे जाते त्या भाषेत, म्हणजे कोंकणीत, बोलावे. विद्यार्थ्यांनी ते मराठीत लिहून घ्यावे. हा भाषेचाही उत्तम पाठ होईल.

नाट्य व गीत. आपल्याकडे जत्रेत रात्र जागवणारी दशावताराची परंपरा आहे. तिच्या पूर्वरंगात वेद पळवणारा संकासुर येतो आणि विष्णूकडून मारला जातो. मत्स्यावताराच्या कथेत तर साक्षात जलप्रलयच आहे. ह्या सोंगांचा उपयोग अवश्य करावा, परंतु एक पथ्य पाळावे. समुद्राच्या चढण्याला प्रलय म्हणू नये. प्रलय म्हटले की मनुष्य हात जोडतो. बांध म्हटले की तो हात चालवतो. आपल्याला दुसऱ्या प्रकारचे हात हवे आहेत. धालो व फुगडीच्या चालींवर मुलींनी स्वतः गीते रचावी, आणि त्यांत मानशीचे, खेकड्याचे, खाऱ्या पाण्याचे नाव यावे.

काम. खेकड्यांनी पोखरलेल्या बिळांतून बांधाचा नाश सुरू होतो. जाणत्यांच्या सांगण्यावरून टोपलीभर माती टाकून एक तरी बीळ बुजवूनच प्रत्येकाने परतावे. पुढे दर पौर्णिमेस एका तुकडीने मोठ्यांसोबत बांधाची फेरी घालून भेगा व बिळे वहीत नोंदवावी, आणि बांधाची देखभाल ज्यांच्याकडे आहे त्या शेतकऱ्यांच्या संघटनेस ती वही दाखवावी. कार्यक्रमाचे यश टाळ्यांवरून मोजू नये. वर्षअखेरीस ह्या वहीची किती पाने भरली त्यावरून मोजावे.

हिशेब. किती कापड, किती कागद, किती इंधन लागले आणि किती कचरा उरला, हे दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहावे.

एक सावधगिरी

सत्याचा आग्रह धरणाऱ्याने स्वतःच्या सोयीचे असत्यही बोलू नये. फुटलेल्या प्रत्येक बांधाचे खापर हवामानबदलावर फोडणे बरोबर नाही. डागडुजीकडे झालेले दुर्लक्ष, शेती सोडून गेलेली घरे, खनिज वाहणाऱ्या बार्जांच्या लाटा, मासळीच्या लोभाने अवेळी उघडलेल्या मानशी, ही कारणेही आहेत. चढता समुद्र ह्या सर्वांवर आपली वीत ठेवतो. आधीच दुबळा झालेला बांध त्या वितीने फुटतो.

म्हणून आपले कर्तव्यही दुहेरी आहे. बांध नीट ठेवणे गावाच्या हाती आहे, आणि ते गावाने केले पाहिजे. समुद्र का चढतो, ह्याचे मूळ मात्र जगभरच्या धुराड्यांत व इंजिनांत आहे. भारताचे दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीहून कमी आहे, आणि खाजनावरच्या शेतकऱ्याचे तर नगण्यच. जो सर्वांत थोडा दोषी त्याचे शेत सर्वांत आधी बुडावे, हा अन्याय आहे. आणि अन्यायाविषयी नम्रतेने पण स्पष्टपणे पत्र लिहिणे हेही शिक्षणच होय. मालदीवच्या मंत्र्यांनी पाण्यात सही केली. आपण बांधावर करू.

अस्वलाची भूमिका करणारा तो विद्यार्थी आता दहावीत आहे. ह्या कार्यक्रमात मानशीच्या राखणदाराचे काम तो करणार आहे, आणि आपली वाक्ये त्याने स्वतःच लिहिली आहेत. आम्ही त्यांत केवळ दोन ऱ्हस्वदीर्घ सुधारले. "ह्याने पाणी थांबेल का, सर?" असे त्याने परवा विचारले. आम्ही त्याला खरे तेच सांगितले : समुद्र थांबणार नाही, पण बीळ बुजेल, वही भरेल, आणि गाव एकदा तरी भरतीच्या वेळी बांधावर उभे राहील. त्याच्या वडिलांनी यंदा ते शेत पेरावे की पडीक ठेवावे, ह्याचा निर्णय अद्याप केलेला नाही. माती अजून खारट लागते, आणखी एक पाऊस पाहू, असे ते म्हणतात.

ते शेत पेरले जावे, अशी आमची इच्छा आहे. कार्यक्रमाचा दिवस ठरला की फलकावर लावू. येताना टोपली आणावी.

स्वाध्याय

१. तरंगणारा बर्फ वितळल्याने पाण्याची पातळी का वाढत नाही? पेला व बर्फाचा खडा घेऊन प्रयोग करा आणि निरीक्षण लिहा.

२. आपली वीत सेंटिमीटरमध्ये मोजा. १०१ सेंटिमीटर म्हणजे तुमच्या किती विती?

३. मानशीच्या झडपा भरतीस का मिटतात व ओहोटीस का उघडतात, हे आकृती काढून स्पष्ट करा.

४. बर्फस्तूप शंकूच्या आकाराचा का करतात?

५. आपल्या घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस बांध, पाऊस अथवा भरती ह्यांविषयीची एक आठवण विचारा, आणि ती त्यांच्याच शब्दांत दहा ओळींत लिहा.